क्रियापदाची दिशा

मी हात वर केला आणि तिसऱ्या बाकावर बसलेल्या माझ्या मुलीने डोळे गच्च मिटून खांदे कानांपर्यंत नेले.

हात तिच्यासाठी वर गेला नव्हता. व्यासपीठावरून माझे बाबा म्हणाले होते, 'स्वर्गातल्या पित्याची स्तुती असो,' आणि स्वर्ग वर असल्यामुळे खुणांच्या भाषेत हातही वरच न्यावा लागतो. पहिल्या बाकावरच्या पाच जणांना ऐकू येत नाही. बाबा तोंडाने सांगतात ते मी त्यांना हातांनी सांगते. आठवडाभर हेच काम, दवाखान्यात, न्यायालयात, नोकरीच्या मुलाखतीत, आणि रविवारी चर्चमध्ये व्यासपीठाच्या डाव्या बाजूला, दोन पायऱ्या खाली. काळा सदरा, बोटात अंगठी नाही, नखं कापलेली, म्हणजे बघणाऱ्याची नजर हातांवरून हलू नये. अठरा वर्षांत हा हात हजारो वेळा असा वर गेला असेल, आणि मुंगीने, मुलीला आम्ही मुंगीच म्हणतो, पाळण्यात असल्यापासून तो वर जाताना पाहिलाय. कधी दचकली नव्हती. आज दचकली, कारण आज सकाळी साडेआठला, दारात, बूट घालायच्या वेळी, हाच हात वर गेला होता आणि स्वर्गात न थांबता खाली आला होता.

नाही, असं सांगितलं की ते आपोआप घडल्यासारखं वाटतं. परत सांगते. उशीर झाला होता. नवऱ्याची रविवारची पाळी, तो पहाटेच कामावर गेलेला. मी चार वेळा म्हणाले, बूट घाल. चौथ्यांदा म्हणताना माझा आवाज कुणाचा होता ते मला कळलं, पण तोवर तो बाहेर पडला होता. मुंगी पायरीवर बसून राहिली, बूट मांडीवर घेऊन, काहीतरी पुटपुटत. मग तिने तर्जनी कानाला लावली आणि हलवली. ऐकू येत नाही. पहिल्या बाकावरचा सुतार करतो तशीच, त्याच्यासारखीच भुवई उडवून. मी मारलं. तोंडावर नाही, पाठीवर नाही. त्या हातावर. बोट कानापासून निघालं होतं, अजून हवेत होतं.

म्हणजे मी एका बोलणाऱ्या माणसाच्या शब्दावर मारलं. बरं, हे मला कळत नव्हतं असंही नाही. सुताराने मला त्याच्या शाळेबद्दल कितीदा सांगितलंय. ऐकू न येणाऱ्या मुलांना तोंडाने बोलायला शिकवायची शाळा. मुलांनी आपसांत हात हलवले की मास्तर पट्टी घेऊन यायचे आणि बोटांच्या सांध्यांवर मारायचे. पोरं मग बाकाखाली बोलायची, कुजबुजल्यासारखी. 'तुमच्या जिभेवर कुणी पट्टी मारली असती का,' असं त्याने बहिऱ्या मुलांच्या एका पालकसभेत विचारलं होतं, आणि मी जमलेल्या पालकांपुढे, तावातावाने, माझ्या आवाजात त्याचं भाषांतर केलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्यांतल्या निम्म्या मी माझ्याच समजून घरी आणल्या होत्या.

बाबांचं प्रवचन सुरू झालं. बाबा निवृत्त पाळक आहेत, शहात्तर वर्षांचे, महिन्यातून एकदा त्यांना बोलू देतात. विषय त्यांनी मला आधी सांगितला नव्हता. कधीच सांगत नाहीत. 'तुला सांगितलं तर तू मेंढपाळ आणशील,' म्हणतात.

मेंढपाळाचं असं आहे. मुलांना शिस्त लावण्याबद्दल शास्त्रात जे वचन आहे, की जो बाप छडी उचलत नाही त्याचं मुलावर प्रेमच नाही, त्यातला छडीचा शब्द मूळ भाषेत मेंढपाळाच्या काठीलाही वापरतात, असं मी विशीत कुठेतरी वाचलं. ज्या काठीमुळे मेंढराला अंधाऱ्या दरीत धीर येतो तीच ती काठी. मी धावत घरी आले होते. आयुष्यात एखादा शब्द सापडून माणूस सुटावा तशी.

"बाबा, ती वाट दाखवायची काठी आहे. मेंढपाळ मेंढ्यांना मारत नाही."

"मेंढीला विचारलंस?" बाबा म्हणाले.

आई हसली. मीही हसले. हीच तर पंचाईत आहे. राक्षस असते तर बरं झालं असतं, पण बाबा विनोदी आहेत. मंडळीतल्या कुणाच्याही आजारपणात उशाशी बसून राहतात, आईच्या शेवटच्या वर्षात तिची वेणी तेच घालायचे. त्यांच्याविरुद्ध माझ्याकडे एकच पुरावा आहे आणि तो त्यांनी कधी लपवलेला नाही.

तो पुरावा आतल्या खोलीत दाराच्या मागे दोन खिळ्यांवर आडवा असायचा. वेताचा, एका टोकाला कापडी पट्टी गुंडाळलेला. पाहुण्यांना दिसू नये म्हणून दारामागे नव्हता, दार लावल्यावरच त्याची गरज पडायची म्हणून होता. बाबा कधी रागात मारायचे नाहीत. राग माणसाचा, शिस्त देवाची, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आधी ते खुर्चीत बसून पेलाभर पाणी प्यायचे. सावकाश. तोवर मी समोर उभी. मग छडी मी आणायची. मग ते वचन मी वाचायचं. 'ऐकू येत नाही,' बाबा म्हणायचे, 'मोठ्याने.' मी मोठ्याने वाचायचे. स्वयंपाकघरात आई नळ सोडायची, मोठा, भांडी नसली तरी. मग हात पुढे. आधी डावा, मग उजवा. मग बाबा जवळ घ्यायचे, आणि त्यांच्या सदऱ्यात नाक खुपसून मी म्हणायचं, 'आभारी आहे, बाबा.' नळ बंद व्हायचा. हाताने त्यांनी मला जन्मात एकदाही मारलं नाही. हात आशीर्वादाला ठेवायचा, छडी वेगळी असावी, म्हणजे मूल बापाच्या हाताला भीत नाही. आणि हे खरं आहे, चिडचिड होते ती यामुळेच. मी बाबांच्या हाताला आजही भीत नाही. पाण्याच्या पेल्याला भिते.

मुंगी पोटात असताना मी नवऱ्याला म्हणाले होते, आपल्या घरात छडी नसेल. तो म्हणाला, 'छडी कसली, आपल्या घरात छत्रीसुद्धा धड नाही.' किती सोपं होतं. खिळे ठोकायचे नाहीत, की झालं. छडी नव्हती, म्हणून हात होता. बाबांच्या नियमाने बघितलं तर मी दोन्ही नियम मोडले, रागात मारलं आणि हाताने मारलं. म्हणजे ज्या माणसापेक्षा वेगळं व्हायचं म्हणून इतकी वर्षं घालवली, त्याच्याच परीक्षेत मी नापास झाले, आणि तेही त्याच्या खालच्या वर्गात.

"आज मी तुम्हांला प्रेमाबद्दल सांगणार आहे," बाबा म्हणाले. "कुणाला आवडणार नाही अशा प्रेमाबद्दल."

प्रेम. मी दोन्ही हात छातीशी घेतले.

"बाप जेव्हा छडी उचलतो..."

बाप. मूल. प्रेम. काठी.

आता तोंडाच्या भाषेत काठी नुसती काठी असू शकते. कोपऱ्यात उभी, निरागस. हातांच्या भाषेत काठी कुणीतरी धरलेली असावी लागते. मूठ वळली की ती कशी वळली हे दिसतं, वर की खाली, टेकायला की उगारायला. न धरलेली काठी दाखवताच येत नाही. मी मेंढपाळाची दाखवली. मूठ छातीच्या उंचीवर, काठी जमिनीला टेकलेली, नजर लांब कळपावर. लबाडी अगदी सफाईने केली.

सुताराने हात हलवून मला थांबवलं. साठीचा माणूस, शर्टाच्या खिशात कायम पेन्सिल, या बाकाचा पुढारी. तो मला नव्हे, बाबांना बघत होता. बाबांनी उजवा हात खांद्याच्या वर नेला होता, बोलता बोलता, सवयीने.

तो मेंढपाळ नाही, सुतार हातांनी म्हणाला. मी बघतोय. खरं सांग.

दुभाष्याला हे मानावंच लागतं. अर्थ आपला नाही, आपण फक्त पाइप. मी पुन्हा सुरुवात केली. बाप इथे, उजवीकडे, उंच. मूल तिथे, डावीकडे, खाली. अशी जागा ठरवायची आणि मग क्रियापद एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे न्यायचं. 'मारणे' या क्रियापदाला दिशा असते. जिथून निघतं तो मारणारा, जिथे पोचतं तो मार खाणारा. शिकाऊ मुलांना मी पहिल्या महिन्यात हेच शिकवते, दिशा चुकली तर चोर पोलिसाला पकडतो. बाप, उजवीकडे. मूल, डावीकडे. काठी. बाबांचा आवाज चढत होता, माझी मूठ वर गेली, तिसऱ्या बाकावर मुंगीने पुन्हा खांदे वर घेतले. ते मला दिसलं. आणि क्रियापद निघालं ते डावीकडे गेलंच नाही. उजवीकडच्या उंच जागेवरून निघून ते वळलं, आणि माझ्या पुढे केलेल्या डाव्या तळहातावर येऊन थांबलं.

बाप मला मारतो.

पहिल्या बाकावरचे पाचही जण पुढे सरकले. मग एकदम हात. तुला? तुला? हा? शिवणकाम करणाऱ्या बाईने हनुवटीने बाबांकडे दाखवलं. चूक, मी म्हणाले, चुकलं माझं, बाप मुलाला, सर्वसाधारण बाप. हे सगळं होत असताना सभागृहात जरासाही आवाज झाला नाही. दोनशे माणसं शांतपणे प्रवचन ऐकत होती. माझ्या मागे, दोन पायऱ्या वर, बाबा सांगत होते की मूल त्या क्षणी रडेल पण पुढे दुवा देईल, आणि मी ते हातांनी सांगत होते, दुवा, पुढे, आभार, आणि पाच जण ते न बघता माझ्या तोंडाकडे बघत होते. मी गावभर ओरडून सांगावं तसं सांगून मोकळी झाले होते आणि कुणाला काही कळलं नव्हतं. हे समाधान नव्हतं. शिंक अर्धवट राहावी तसं होतं.

उपासनेनंतर मागच्या खोलीत चहा असतो. बाबा कप घेऊन माझ्याकडे आले, खुशीत.

"आज तुझी मंडळी रंगली होती गं. भराभर हात वर. प्रश्न होते काय?"

"होते थोडे."

"मग विचारू दे की. मी काय खातो का त्यांना?"

सुतार आलाच होता. त्याने कप खिडकीत ठेवला. दोन्ही हात मोकळे केल्याशिवाय त्याला बोलता येत नाही. आमच्या कामाचा एक नियम आहे. बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. 'हे असं म्हणतायत' नाही. त्यामुळे या अठरा वर्षांत मला तीनदा मधुमेह झालाय, दोनदा घटस्फोट, आणि एकदा न्यायाधीशांसमोर मी 'चोरी मीच केली' असं स्वच्छ आवाजात सांगितलंय. सवय होते. 'मी' हा कपड्यासारखा होतो, भाड्याचा.

"पाळकसाहेब, मला एक विचारायचंय," मी म्हणाले. म्हणजे सुतार म्हणाला.

"विचार ना," बाबा मला म्हणाले.

"त्यांच्याकडे बघा, बाबा. ते विचारतायत."

"हो, हो. विचारा."

"तुम्ही तुमच्या मुलीला मारायचात का?"

माझा आवाज सपाट होता, कामाचा. बाबांनी कप बशीत ठेवला. थोडा चहा सांडला.

"हे त्यांनी विचारलं का तू?"

"त्यांनी."

बाबांनी सुताराकडे पाहिलं, चांगलं निरखून, मग त्याच्याशीच बोलले. मोठ्याने बोलले, त्याला ऐकू येईल अशा बेताने. "हो. मी तिला मारलं. प्रेमाने मारलं. रागात कधीच नाही. आणि बघा, कशी सोन्यासारखी निघाली. तुमच्याच उपयोगी पडते."

माझे हात उठले. मी. तर्जनी छातीवर. हा 'मी' बाबा. आता 'तिला'. 'ती'सुद्धा मीच, पण एकाच छातीवर दोघं ठेवले तर वाक्य होत नाही. त्यासाठी 'ती' बाजूला काढून ठेवावी लागते, रिकाम्या जागेत. मी डाव्या बाजूला, खाली, लहान मुलाच्या उंचीवर जागा केली आणि न बघता क्रियापद तिकडे नेलं.

मी हिला मारलं. प्रेमाने. रागात नाही.

जागा रिकामी नव्हती. बिस्किटं संपवून मुंगी तिथे येऊन उभी राहिली होती. माझी मूठ तिच्या केसांपासून वीतभर अंतरावर थांबली. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. ती वाचत होती.

"खोटं," ती मोठ्याने म्हणाली. "प्रेमाने नाही मारलंस. रागाने मारलंस."

"कोण गं?" बाबांनी विचारलं. "कुणी मारलं?"

मुंगीने माझ्याकडे बोट केलं. मग तिच्या मनात काही आलं असावं. "आत्ता 'मी' कोण होतं? आजोबा की तू?"

"आत्ता आजोबा," मी म्हणाले. "सकाळी मी."

बाबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं बघतील. तसं बघितलं असतं तर भांडता आलं असतं. त्यांचा चेहरा पडला होता, खरंच पडला होता.

"हाताने?" ते म्हणाले. "तू हाताने मारलंस तिला? मी कधी तुला..." मग आवाज खाली आणून, मायेने, "अगं, छडी न्यायची होतीस. आहे अजून. दारामागेच आहे."

काय म्हणाले, सुताराने विचारलं.

मला हे त्याला सांगायचं होतं. माझं कामच ते. छडी, दार, मागे, अजून आहे. साधी चार खुणांची गोष्ट. पण ती सांगायला माझेच हात लागणार होते, आणि मुंगी ते वाचणार होती. मी हात मागे घेतले. पाठीमागे, मुठी वळून, एकात एक. बहिऱ्या मंडळीत प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं, तोंडाने मारायच्या हाकेसारखं. माझं नाव हे आहे, मूठ पाठीमागे नेणं. एकोणिसाव्या वर्षी त्यांची भाषा शिकायला गेले तेव्हा हात मागे लपवून दारात उभी राहिले होते, म्हणून सुतारानेच ठेवलेलं. सगळे हसले होते. बोलायला आलेली बाई हात लपवते. कारण मी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही चेष्टेचंच वाटलं होतं.

त्याने माझ्या खांद्यांकडे पाहिलं. मग हळूच त्याची मूठ स्वतःच्या पाठीमागे गेली आणि परत आली. म्हणून तुझं नाव, तो म्हणाला.

बाबा मध्येच म्हणाले, "काय म्हणतायत ते?"

"काही नाही," मी म्हणाले. कामावर असताना उच्चारलेलं पहिलं खोटं. का दुसरं, मेंढपाळ धरला तर.

घरी आम्ही चालत निघालो. रस्ता सरळ आहे, एका बाजूला दुकानं, रविवारची बंद. मुंगी दोन पावलं पुढे. थोड्या वेळाने ती फुटपाथच्या कडेला बसली आणि बूट काढायला लागली.

"आता काय?"

"टोचतात."

"मग सकाळी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. दोनदा. तू नुसतं बूट घाल, बूट घाल." ती बंद सोडवत होती, वर न बघता. "मग हाताने सांगत होते. तू मध्येच मारलंस."

"तू म्हणालीस ऐकू येत नाही."

"तुला," मुंगी म्हणाली. "तुला ऐकू येत नाही, असं म्हणत होते. बोट तुझ्याकडे यायचं होतं अजून."

मी तिथेच उभी राहिले. बोट कानापासून निघालं होतं, अजून हवेत होतं. एवढं तर मला सकाळपासून पाठ होतं, आणि इतकी वर्षं शिकवूनही, ते कुठे निघालंय हे मी बघितलं नव्हतं. टाचेवर, मोज्याच्या वरच्या कडेला, लाल वळ होता, नवा नाही, दोन-तीन दिवसांचा.

तिने एक बूट माझ्या डाव्या हातात दिला, एक उजव्या. मग पाण्याची बाटली, बगलेत. मग स्वेटर, मनगटावर. मी घेत गेले. मला वाटलं ओझं नको म्हणून देतेय. मग ती मागे सरकून माझे हात बघायला लागली, दुकानदार माप बघतो तसे, आणि माझ्या लक्षात आलं ती काय करतेय.

"हे बोट मोकळं आहे," ती म्हणाली. उजव्या हाताची तर्जनी. तिने केसांचा रबर काढला आणि त्या बोटाला दोन वेढे देऊन अडकवला. "आता चल."

ती मोज्यांवर चालत होती, केस मोकळे, माझ्या शेजारी, आता अगदी शेजारी. मला तिला काहीतरी सांगायचं होतं आणि हात भरलेले होते. तोंड होतं. पण तोंडाच्या शब्दांवर माझा भरवसा नाही. मार झाल्यावरचे शब्द मी लहानपणी इतके मोठ्याने म्हटलेत की त्यांत काही उरलेलं नाही. आणि माझ्या माफीवर तिलाही काहीतरी म्हणावं लागेल, 'असू दे' किंवा त्याहून वाईट. दोन दुकानं गेली, तीन गेली.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तू काही म्हणू नकोस."

मुंगी थांबली. तिने तर्जनी कानाला लावली आणि हलवली. बोट कानापासून निघालं. मी दोन्ही हातांत दोन बूट धरून उभी राहिले आणि ते कुणाकडे येतंय याची वाट पाहिली.